निरपेक्ष फाइलमार्ग

निरपेक्ष फाइलमार्ग : संगणकाच्या साठवणीतील फाइलीचे स्थान साठवणीच्या मुळापासून सांगणारी नावांची मालिका. आज्ञावली कोणत्याही निर्देशिकेतून चालविली, तरी या मार्गाचा अर्थ बदलत नाही. सापेक्ष मार्ग मात्र चालू निर्देशिकेपासून मोजला जातो. निरपेक्ष मार्गाची मांडणी परिचालन प्रणालीनुसार भिन्न असते.

युनिक्स, लिनक्स व मॅकओएस यांत सर्व निर्देशिका एकाच मुळाखाली येतात आणि मार्ग तिरप्या रेघेने सुरू होतो, उदा., /पोथ्या/चित्र१. नवी तबकडी जोडल्यास तीही याच वृक्षाची शाखा होते. विंडोजमध्ये सामान्यतः प्रत्येक तबकडीस एक रोमन अक्षर व स्वतंत्र मूळ असते, उदा., सी:\पोथ्या\चित्र१. या भेदास ऐतिहासिक कारण आहे. एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्तीत (१९८१) उपनिर्देशिका नव्हत्या व तिरपी रेघ आज्ञांचे पर्याय दर्शविण्यास वापरली जाई. दुसऱ्या आवृत्तीत (१९८३) उपनिर्देशिका आल्या, तेव्हा विभाजक म्हणून उलटी तिरपी रेघ स्वीकारण्यात आली. सी, जावा, पायथन इ. भाषांच्या साध्या अक्षरमालिकांत या रेघेस विशेष अर्थ असल्याने ती दोनदा लिहावी लागते. विंडोजमधील \पोथ्या व सी:पोथ्या हे मार्ग पूर्णतः निरपेक्ष नव्हेत. पहिल्यात तबकडी, तर दुसऱ्यात मूळ निर्दिष्ट नसते.

नावांच्या तुलनेतही फरक आहेत. लिनक्समध्ये लहान व मोठी रोमन अक्षरे सामान्यतः भिन्न, तर विंडोजमध्ये समान मानली जातात. देवनागरीत असा भेद नसला, तरी ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेतांकाने किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांकांनी लिहिता येते. त्यामुळे दिसण्यात एकच असलेली दोन नावे या प्रणालींत वेगळी ठरू शकतात.

पिंगुळी (ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग) येथील ठाकर समाजाच्या चित्रकथी परंपरेत एका कथेची चित्रे क्रमाने एका पोथीत असतात. अशा पोथीच्या छायाचित्रांच्या सूचीत निरपेक्ष मार्ग नोंदले आणि संग्रह दुसऱ्या प्रणालीच्या संगणकावर हलविला, तर चित्रे शाबूत राहूनही सूचीला ती सापडत नाहीत. चित्र कोणत्या कथेतील व कितवे, हे सांगणारा दुवा तुटतो. म्हणून संग्रहाची मूळ निर्देशिका एकाच ठिकाणी नोंदवून इतर मार्ग तिच्या सापेक्ष ठेवणे इष्ट असते. विभाजक हाताने न लिहिता मार्ग जोडण्याची सोय अनेक भाषांत आहे, उदा., पायथनमधील पाथलिब (२०१४).