कारंजाच्या पाण्यात जुनी बोट : इंधनाच्या आणि पाण्याच्या नळ्यांविषयी काही गैरसमज

कारंजा धरण बिदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यात, ब्याळहळ्ळीजवळ. ही कारंजा नदी पुढे मांजरेला मिळते. समुद्र इथून फार लांब, त्यामुळे या पाण्यासाठी कुणी इंजिनाची बोट घ्यायची म्हटली तर ती बहुधा किनाऱ्यावर वापरून झालेलीच मिळणार. घेणारा बोटीचा सांगाडा ठोकून बघतो, रंग बघतो, इंजिन चालू करून आवाज ऐकतो. ज्या नळ्यांतून इंधन आणि पाणी फिरतं त्या मात्र फळ्यांखाली असतात आणि तिथवर हात जातच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक नळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने चाचपून, कागदावर रेघ मारून काढल्याशिवाय जुनी बोट पाण्यात घालू नये. हे काम अवघड नाही. विहिरीवरचं ऑइल इंजिन ज्याने सांभाळलंय त्याला यातलं निम्मं आधीच येतं. आड येतात ते काही पक्के समज.

गैरसमज : डिझेलची बोट आहे, आगीची भीती नाही.

हा समज सगळ्यांत जास्त पसरलेला आणि सगळ्यांत घातक. पेट्रोलच्या मानाने डिझेल उशिरा पेटतं हे खरं, पण किती उशिरा हे बघायला हवं. इंधनाची वाफ ज्या तापमानाला ठिणगीने पेट घेऊ शकते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. आपल्या पंपावर मिळणाऱ्या डिझेलसाठी भारतीय मानकाने हा आकडा किमान ३५ अंश सेल्सिअस ठरवला आहे. जहाजांवरच्या इंधनाला आंतरराष्ट्रीय नियमाने किमान ६० अंश लागतात, म्हणून तेल कंपन्या जहाजांसाठी वेगळं, जास्त फ्लॅश पॉइंटचं डिझेल विकतात. पंपावरचं प्रत्यक्ष डिझेल ३५ पेक्षा बरंच वरचं असू शकतं, पण खात्री फक्त ३५ ची. बिदर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत बाहेरची हवाच चाळिशी गाठते. झाकण लावलेल्या, इंजिन चालू असलेल्या खोबणीत त्याहून किती जास्त उष्णता असेल याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. इंजेक्टरकडे जाणाऱ्या बारीक लोखंडी नळीला केसाएवढी चीर गेली, तर डिझेल दाबाने फवाऱ्यासारखं उडतं. तो फवारा तापलेल्या एक्झॉस्टवर पडला की ठिणगीचीही गरज उरत नाही. म्हणून या नळ्या एकमेकींवर किंवा सांगाड्यावर घासतात का, त्यांच्या पकडी जागेवर आहेत का आणि एक्झॉस्टवरचं आवरण शाबूत आहे का, हे आधी बघायचं. डिझेलसाठी बागेची पारदर्शक नळी लावलेली दिसली तर ती काढून टाकायची, सौद्यात तिची किंमत धरायची नाही. ती कडक होऊन तडकते आणि आगीत क्षणात वितळून टाकीतलं सगळं डिझेल ज्वाळांना पुरवते. बोटीसाठीच्या आगरोधक नळीवर आयएसओ ७८४० असं छापलेलं असतं. ही नळी ज्वाळेत अडीच मिनिटं टिकते. अडीच मिनिटं थोडी वाटतील, पण तेवढ्यात टाकीचा कॉक बंद करता येतो आणि माणसं बाजूला होतात.

पेट्रोलच्या बोटीत धोका वेगळ्या ठिकाणी असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर निघून जात नाही, बोटीच्या तळाशी साठते. वास येत नाही म्हणजे वाफ नाही असं समजून स्टार्टरला हात घालू नये. आधी सगळी झाकणं उघडायची, पंखा असेल तर किमान चार मिनिटं चालवायचा आणि तळाशी वाकून वास घ्यायचा.

गैरसमज : टाकीला जोडलेली दुसरी नळी जादा आहे.

डिझेल इंजिन जेवढं इंधन ओढतं तेवढं सगळं जाळत नाही. उरलेलं एका वेगळ्या नळीने टाकीकडे परत येतं. जुन्या बोटीत ही परतीची नळी कुणीतरी बुजवलेली सापडते, नाहीतर भलत्याच टाकीत सोडलेली. दोन टाक्यांच्या बोटीत हा घोळ फार महागात पडतो. एका टाकीतून ओढायचं आणि दुसऱ्या, आधीच भरलेल्या टाकीत परत टाकायचं असं चालू राहिलं, तर भरलेली टाकी हवेच्या नळीतून बाहेर ओतू लागते आणि पहिली ऐन पाण्यात कोरडी पडते. काटा बघणारा म्हणतो, डिझेल गळतंय. गळत काहीच नसतं, कॉकची जोडी चुकलेली असते. ओढीचा कॉक फिरवला की परतीचाही फिरला पाहिजे.

गैरसमज : इंजिन एका झटक्यात चालू झालं, म्हणजे इंधनाची लाइन साफ आहे.

बांधून ठेवलेल्या बोटीत टाकी हलत नाही. तळाचं पाणी तळाशीच राहतं. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात त्या थरात बुरशी आणि जिवाणू वाढतात, त्यांचा काळपट चिखल होतो. बोट लाटांवर हलायला लागली की तो चिखल ढवळून फिल्टरमध्ये जाऊन बसतो आणि इंजिन काठापासून लांब गेल्यावर बंद पडतं. म्हणून टाकीच्या सगळ्यांत खालच्या जागेतून काचेच्या बरणीत डिझेल काढायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी खाली पाण्याचा थर दिसला तर टाकी उघडून धुवायची, नुसता फिल्टर बदलून भागणार नाही.

हवेचंही असंच आहे. ऑइल इंजिनाने हवा धरली की स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल सोडायचं, हे शेतात सगळ्यांना माहीत आहे. पण रोज रोज हवा धरत असेल तर ती येते कुठून हे शोधावं लागतं. टाकी आणि फीड पंप यांच्यामधली चीर बऱ्याचदा बाहेर थेंबही टाकत नाही, कारण तिथे ओढ असते. ती आत हवा खेचते. कोरडी दिसणारी नळी म्हणजे चांगली नळी, असं लाइनच्या या भागात धरता येत नाही.

गैरसमज : पेट्रोल ते पेट्रोल, कुठलंही चालतं.

भारतात २०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ऊस पिकवणाऱ्या आपल्या भागाला या इथेनॉलचं महत्त्व सांगायला नको आणि त्याला माझा विरोधही नाही. पण बोटीच्या मागे लावायच्या बहुतेक जुन्या इंजिनांच्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. जुनी रबरी नळी आणि गॅस्केटं इथेनॉलने फुगतात किंवा मऊ पडतात. जुन्या फायबरच्या टाकीतलं रेझिनही ते विरघळवतं आणि तो चिकट गाळ थेट इंजिनात जातो. इथेनॉल हवेतली ओल धरतं. ती मर्यादेबाहेर गेली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी, म्हणजे नळी जिथून ओढते तिथेच बसतात. उलट बाजूचा गैरसमजही आहे, की या पेट्रोलने प्रत्येक टाकीत पाणी होणारच. तसं नाही. इथेनॉल जास्त असेल तर थोडं पाणी वेगळं न होता मिसळून राहतं. ताजं पेट्रोल भरून आठवड्याभरात वापरणाऱ्याला त्रास कमी, पावसाळाभर अर्धी टाकी ठेवणाऱ्याला जास्त.

गैरसमज : ग्लँडमधून थेंब पडतोय, बोट बुडणार.

बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा तळातून बाहेर जातो तिथे ग्लँड दोरी असते, विहिरीच्या पंपाला असते तशीच. दांडा फिरताना मिनिटाला काही थेंब पडायलाच हवेत, त्यांनीच दोरी आणि दांडा थंड राहतात. नट आवळून थेंब पुरता बंद केला तर दोरी जळते आणि दांड्याला चर पडतो. बोट उभी असताना मात्र थेंब थांबला पाहिजे.

खरी भीती वाटायला हवी ती पाण्याखालच्या भोकांची. इंजिन थंड करायला बाहेरचं पाणी आत घेणारी नळी तळातल्या व्हॉल्व्हला जोडलेली असते. पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर एक इंची नळी निसटली, तर मिनिटाला साधारण ६० लिटर पाणी आत येतं. तळाचं पाणी उपसणाऱ्या लहान पंपावर तासाला ५०० गॅलन लिहिलेलं असतं, म्हणजे मिनिटाला ३१-३२ लिटर, आणि तेही नळीची चढण न धरता. ‘पंप आहे ना’ म्हणून निर्धास्त राहणं इथे आकड्यांतच बसत नाही. भोक बंद करणारा व्हॉल्व्ह हाताने सहज फिरला पाहिजे. न फिरणारा व्हॉल्व्ह नसल्यातच जमा.

हा व्हॉल्व्ह घरच्या नळाचा पितळी असेल तर खाऱ्या पाण्याने त्यातलं जस्त निघून गेलेलं असतं. कडेला खरवडल्यावर गुलाबी-तांबूस रंग दिसला, तर तो एका धक्क्यात तुटू शकतो. गनमेटलचा किंवा ब्राँझचा बसवावा. कारंजाचं पाणी गोडं आहे म्हणून जुनं नुकसान भरून येत नाही, बोट ते सोबत घेऊन येते. गंज टाळायला तळाला लावलेले जस्ताचे तुकडेही गोड्या पाण्यात थर चढून निकामी होतात. तिथे मॅग्नेशियमचे लावतात.

नळ्यांच्या रंगावर विसंबू नये. जहाजांच्या नियमात इंधनाला तपकिरी, गोड्या पाण्याला निळा, समुद्राच्या पाण्याला हिरवा रंग आहे. जुन्या बोटीत मात्र डब्यात उरलेला रंग फासलेला असतो. धरणात चालवायची म्हणून कागदपत्रं लागत नाहीत हाही समजच. १९१७ च्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात तलावही येतात आणि इंजिनाच्या बोटीला तपासणी आणि नोंदणी लागते. नळ्यांचा काढलेला नकाशा तपासणीच्या वेळी सोबत न्यावा, कोणता कॉक कशाचा हे दाखवायला तो उपयोगी पडतो.