मेक्सिको सिटी इतकी का हादरली?

१९ सप्टेंबर १९८५ची सकाळ. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ ८.० तीव्रतेचा भूकंप झाला. राजधानी मेक्सिको सिटी तिथून साडेतीनशे किलोमीटरहून लांब. तिथे पोचेपर्यंत धक्क्याचा जोर ओसरायला हवा ना? शहराच्या खडकाळ भागात तो ओसरला होताच. पण मध्यवस्तीत शेकडो इमारती कोसळल्या, हजारो माणसं गेली. एकाच शहरात असं कसं?

मुलांनो, हा भाग जुन्या टेक्सकोको तळ्यावर वसलाय. तळं आटलं, पण त्याची पाण्याने गच्च भरलेली चिकणमाती जमिनीखाली तशीच राहिली. भूकंपाची आडवी हलवणारी लाट खडकातून सेकंदाला दोन-तीन किलोमीटर पळते. या मातीत शिरली की तिचा वेग उतरतो थेट ७०-८० मीटरवर! वेग घटला की तिचे हेलकावे मोठे होतात. शिवाय वरची जमीन आणि खालचा टणक थर यांच्यामध्ये ती कोंडली जाते आणि वर-खाली आपटत राहते.

आता पेन्सिल घ्या. थराची जाडी ४० मीटर, लाटेचा वेग सेकंदाला ८० मीटर. जाडीची चौपट करा, वेगाने भागा. उत्तर आलं २! म्हणजे ती जमीन २ सेकंदांत एक हेलकावा घेते. झोक्याला बरोबर वेळ साधून ढकललं की तो कसा उंच जातो, तसंच झालं. सर्वाधिक फटका बसला तो साधारण सहा ते पंधरा मजली इमारतींना, कारण त्यांची डुलण्याची लय जमिनीशी जुळली. बुटकी घरं बरीचशी वाचली.

शास्त्रज्ञ असे भूकंप संगणकात घडवून बघतात. त्यासाठी जमिनीचे काल्पनिक ठोकळे पाडतात. मऊ मातीत लाटा आखूड होतात, म्हणून ठोकळेही बारीक लागतात. ठोकळ्याची बाजू निम्मी केली की ठोकळे आठपट होतात, वेळेचे टप्पे दुप्पट होतात, म्हणजे काम सोळापट! महासंगणकालाही घाम फुटेल. म्हणून पुष्कळदा वरचा मऊ थर हिशेबातून वगळला जायचा, आणि नेमकी तिथली थरथर चुकायची. आता खाली मोठे ठोकळे आणि वर बारीक, अशी छान युक्ती वापरतात.

पण त्या थरातला वेग कळतो कसा? जमिनीवर लोखंडी पट्टी ठेवून तिच्यावर घण घालतात, आणि लाट ओळीने पुरलेल्या यंत्रांपर्यंत किती वेळात पोचली ते मोजतात.