झाडाचे मोल कोणाला विचारावे?

किनवटच्या सागवानाचे मोल लाकूडव्यापाऱ्यास विचारले, तर तो बुंध्याचा घेर मोजून आकडा सांगेल. त्याच जंगलात मोहफुले व तेंदूपत्ता वेचणारे गोंड, कोलाम वा आंध कुटुंब हंगामाचा हिशेब मांडील. लोक झाडांना कोणते मोल देतात, हे शोधणाऱ्या समाजसंशोधकापुढील पहिली अडचण हीच आहे.

महाराष्ट्रात या विषयाचा पाया देवरायांच्या अभ्यासाने घातला. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांची पाहणी केली. कोकणात श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावची देवराई तोडीसाठी निवडली गेली होती. ती वाचवावी, अशी विनंती ग्रामस्थांनी या अभ्यासकांना केली. गावचा ओढा त्या राईवर अवलंबून आहे, हे त्यांचे कारण होते. देवाच्या भयाआड पाण्याचे ज्ञान होते! बोधिप्राप्तीनंतर तथागतांनी बोधिवृक्षाकडे सात दिवस अनिमेष नेत्रांनी पाहिले, अशी परंपरा आहे. विहारासमोरचा पिंपळ आपण राखतो, तो याच कृतज्ञतेने. छापील प्रश्नावलीत मात्र भय, ज्ञान आणि कृतज्ञता यांना ‘धार्मिक कारण’ हा एकच रकाना मिळतो.

अर्थशास्त्रज्ञांची एक पद्धत अशी, की ‘हे वन टिकावे म्हणून आपण किती रुपये द्याल?’ असे विचारावयाचे. ज्याच्या गाठीस पैसा नाही, तो शून्य म्हणतो. आणि त्याच्या लेखी वनाचे मोल शून्य, असा निष्कर्ष निघण्याचा धोका राहतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) येथे गावकऱ्यांनी स्वतःचेच अभ्यासगट चालविले. २००९ मध्ये त्या गावास सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा आपल्या जंगलाविषयी बोलण्यास ते परक्याच्या आकड्यांवर विसंबून नव्हते.

लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्काही नाही. येथे झाड म्हणजे मुख्यतः बांधावरची बाभूळ, लिंब, चिंच, आंबा. आणि बांध ज्याचा, झाड त्याचे. ज्याला बांधच नाही, त्याचे सरपण गायरानातून येते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, ते पडीक जमिनी कसण्यास मिळाव्यात म्हणून. वृक्षलागवडीसाठी ‘मोकळी’ जागा शोधताना दृष्टी प्रथम गायरानाकडेच जाते. तेथे ज्वारी पिकविणाऱ्या कुटुंबाने रोपांना विरोध केला, तर पाहणीत ते ‘वृक्षांविषयी उदासीन’ ठरते. हा शेरा मला अन्यायाचा वाटतो.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज खेड्यांतून शिक्षक वा ग्रामसेवक आहेत. अशी पाहणी त्यांच्या हाती आली, तर ‘झाडे आवडतात का?’ हा प्रश्न गाळावा. सरपणाला कोण जाते, किती दूर जाते, कोणत्या झाडाखाली बसण्याची मुभा नव्हती, कोणते झाड कोणी लावले आणि त्याची फळे कोणी नेली, हे विचारावे. गायरानात रोपे लावण्यापूर्वी तेथे सध्या कोण कसते, याचीही नोंद त्याच कागदावर असावी.