‘वरून कळवतील’
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला पुणे, नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील महाविद्यालये जोडलेली आहेत. निकालाच्या दिवसांत तेथील कर्मचाऱ्याला ‘वरून कळवतील’ एवढाच निरोप मिळाला, तर? काम तेवढेच राहते, ताण मात्र वाढतो. असे का व्हावे?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. ४५ जणांनी संगणकावरील दगडाखाली साप आहे का, ते ओळखायचे. साप निघाला की हाताला विजेचा झटका! घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला. झटका नक्की बसणार असताना तो कमी भरला. शक्यता निम्मी-निम्मी असताना सर्वांत जास्त.

म्हणून ‘यादी गुरुवारी दुपारी येईल’ हे साधे वाक्य आम्हांला मोलाचे वाटते. आपल्या शाळेची सूचनावही चाळून पाहा: किती सूचनांत वार, वेळ आणि विचारायचे कोणाला, हे लिहिलेले आहे?