मुंबई–नागपूर : किलोमीटर आणि तास

मुंबई आणि नागपूर यांच्यातील अंतर किती, हे कोणत्या वाटेने मोजले त्यावर ठरते. पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून दोन्ही विमानतळांना जोडणारी सर्वांत आखूड रेषा धरली, तर ती सुमारे ६८५ किलोमीटर भरते आणि तिलाच व्यवहारात हवाई अंतर म्हणतात. लोहमार्ग मात्र घाट चढून, भुसावळ आणि वऱ्हाडातील शहरे घेत जात असल्याने रेल्वेला ८३७ किलोमीटर धावावे लागते. जुना रस्ताही आठशेच्या पुढे जात असे, आणि गावोगावच्या बाजारपेठांमुळे त्यावर चौदा-पंधरा तास सहज मोडत.

समृद्धी महामार्गाने हा हिशेब बदलला. जुन्या रस्त्याचे रुंदीकरण न करता हा मार्ग नव्याने आणि शक्य तितका सरळ आखला गेल्यामुळे भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत त्याची लांबी ७०१ किलोमीटर, म्हणजे हवाई अंतराच्या बरीच जवळ आली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला, तर इगतपुरी–आमणे हा शेवटचा, सह्याद्री ओलांडणारा टप्पा जून २०२५ मध्ये. या टप्प्यात इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे, आणि कसारा घाटात ट्रकांच्या मागे रेंगाळण्यात जाणारा वेळ आता त्यातून काही मिनिटांवर आला आहे.

विमानाच्या वेळापत्रकात या प्रवासाला साधारण दीड तास दाखवलेला असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. विमान उभे असलेल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतचा हा वेळ असून धावपट्टीकडे जाणे, रांगेत थांबणे, चढणे आणि उतरणे हे सारे त्यात येते. प्रवाशाचा वेळ याहून बराच मोठा असतो. मुंबईच्या रहदारीतून विमानतळ गाठणे, दोन तास आधी पोहोचणे आणि उतरल्यावर सामानासाठी थांबणे धरले, तर घरापासून घरापर्यंत पाच-साडेपाच तास लागतात. समृद्धीवर मोटारीला सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, तरी आमण्यापर्यंतची वाट आणि विश्रांतीचे थांबे मिळवून नऊ-दहा तास धरणेच शहाणपणाचे ठरते.

म्हणजे मुंबईहून थेट नागपूरला जाणाऱ्यासाठी विमान अजूनही चार तासांनी पुढे आहे. रस्त्याचा खरा लाभ मधल्या लोकांना झाला. मेहकर, मालेगाव, कारंजा येथील रहिवाशाला विमानतळच दूर पडतो. त्याच्या दृष्टीने उच्च न्यायालयाचे खंडपीठ, मोठी रुग्णालये आणि नागपूर करारानुसार दरवर्षी विधिमंडळाचे एक अधिवेशन जिथे भरते ते शहर काही तासांनी जवळ आले आहे. किलोमीटरच्या आकड्यांपेक्षा हा बदल मोठा आहे.

त्या वेगाची एक किंमतही दिसली आहे. जुलै २०२३ च्या पहिल्याच रात्री सिंदखेडराजाजवळ खासगी बसच्या अपघातात २५ जणांचा जळून मृत्यू झाला. लांबच लांब सरळ रस्त्यावर स्टिअरिंग फारसे वळवावे लागत नाही, दृश्य बदलत नाही, आणि डोळे उघडे असूनही चालकाचे लक्ष हरपते. तापलेल्या काँक्रीटवर कमी हवेचा किंवा झिजलेला टायर फुटण्याचा धोकाही असतो. म्हणून समृद्धीने निघणाऱ्यांनी टायर तपासून घ्यावेत, रात्र टाळावी आणि दर दोन तासांनी थांबण्याचा वेळ हिशेबात आधीच धरावा.