तपकिरी पाटी

भंडाऱ्याहून तुमसरकडे निघालं की वरठीनंतर मोहाडी लागते. चौंडेश्वरी मातेचं देऊळ इथलंच. नवरात्रात पंचक्रोशीतल्या भाविकांना वाट विचारावी लागत नाही. पण रायपूरच्या बाजूने 53 क्रमांकाच्या महामार्गावरून पहिल्यांदाच येणाऱ्याला भंडाऱ्यात कुठे वळायचं, हे कुणीतरी सांगायला हवं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी 67’ या संहितेत महामार्गावर गावांची दिशा सांगणारी पाटी हिरवी, पेट्रोल पंप-दवाखान्यासारख्या सोयींची निळी आणि पर्यटनस्थळांची तपकिरी. अक्षरं वाचण्याआधीच रंग कळतो, आणि ज्याला देवळाशी घेणंदेणं नाही तो नजर वळवून पुढे जातो.

एका पाटीने मात्र भागत नाही. ताशी 80 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. नाव वाचून होईतो पन्नासेक मीटर सरलेले असतात. म्हणून एक पाटी वळणाच्या बरीच अलीकडे, दुसरी वळणावर, आणि वळल्यानंतर ‘वाट बरोबर आहे’ असा धीर देणारी तिसरी. आपल्याकडची हौस कमानीची. कमान देखणी खरी, पण ती असते फाट्याच्या तोंडाशी. ती दिसून ब्रेक दाबेपर्यंत मागचा ट्रकवाला हॉर्न बडवत असतो.

मग देवस्थान समितीने स्वतःच पाटी रोवावी का? नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988च्या कलम 116नुसार हा अधिकार राज्य सरकारचा किंवा त्याने नेमलेल्या यंत्रणेचा. राष्ट्रीय महामार्गावर महामार्ग प्राधिकरणालाही तो आहे. अर्ज कुठे करायचा, याचा पहिला अंदाज किलोमीटरच्या दगडावरून येतो. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्याचा. राज्याच्या रस्त्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभाग गाठायचा.

रात्री पाटी चमकते ती दिव्याने नव्हे. तिच्यावरच्या कागदात बारीक मणी किंवा लोलक असतात. हेडलाइटचा उजेड ते आला तसाच गाडीकडे परत धाडतात. धूळ साचली की हे काम मंदावतं. आणि उत्सवाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स समोर बांधला तर थांबतंच, मग देवीचीच पाटी देवीच्या भक्तांनी झाकलेली! असा आड येणारा फलक काढण्याचा अधिकार सरकार पोलिसांना देऊ शकतं. गाडीच्या धक्क्याने पाटी निकामी झाली, तर चालकाने 24 तासांच्या आत पोलिसांना कळवायचं, हेही त्याच कलमात लिहिलेलं आहे.