थाळनेर आणि न्युरेंबर्ग

एरंडोलच्या वायव्येस तापीकाठीं थाळनेरचा किल्ला आहे. २७ फेब्रुवारी १८१८ रोजीं सर थॉमस हिस्लॉप यानें तो घेतला. दरवाज्याशीं दोन गोरे अधिकारी पडतांच सुमारें ३०० शिबंदीची कत्तल झाली, व किल्लेदार तुळशीराममामा यांस खटल्यावांचून फांशीं दिलें. १८१९ मध्यें पार्लमेंटनें सैन्याचे आभार मानले. मात्र थाळनेरच्या कृत्यावर मत राखून ठेविलें. निवाडा झालाच नाहीं.

न्युरेंबर्ग येथें १९४५-४६ मध्यें न्यायासनावर जेतेच बसले, हा दोष खरा. तथापि आरोपींस वकील मिळाले, तिघे निर्दोष सुटले, आणि साक्षीपुरावा पुढील पिढीच्या हातीं आला. फांशीनें सूड पुरा होतो. परंतु दोन्ही बाजू ऐकल्यावांचून विस्कटलेला समाज पुन्हां एकमेकांवर विश्वास ठेवूं शकत नाहीं.